कोकराच्या कातड्यातली झिप्री

सिनेमा चालू असताना मी सारखी उठत होते. एकदा गॅसवर दूध ठेवलंय म्हणून उठले; दूध ठेवलेलंच नव्हतं. एकदा दाराची कडी बघायला गेले, एकदा उगीच. घरातली सगळी माणसं टीव्हीसमोर सतरंजी टाकून बसली होती. रस्त्यावरून उचलून आणलेल्या कुत्र्यांचा सिनेमा होता. कुणाचा पाय मोडलेला, कुणाला मालकानं गाडीतून उतरवून सोडून दिलेलं. शहरातलं एक कुटुंब त्या सगळ्यांना घरी आणतं, आंघोळी घालतं, डॉक्टरकडं नेतं, आणि ज्या कुत्र्याला कुणीच घेत नव्हतं तेच शेवटी घरातल्या लेकराचा जीव वाचवतं. सून नाक पुसत होती. मुलगा रडू दाबायला खोकल्याचं सोंग करत होता. नात श्रेया माझ्याकडं वळून म्हणाली, "आजी, तू सारखी काहून उठून राहिली? तुला कुत्रे आवडत न्हाईत का?" मी म्हटलं, "आमच्याकडं कुत्रं आवडायला नसायचं. राखायला असायचं." ती म्हणाली, "लई कठोर हायेस तू." असंन. पण तेव्हापासून मला एका जागी बसवेना. भाजी निवडायला घेतली तर देठ ठेवले आणि पानं टाकली. म्हणून हे लिहून काढते आहे. मी चौथी पास आहे. पाचवी का नाही झाली, ते यातच येईल.

आमचं गाव वारंगा फाट्यापासून पायी जाता येईल इतकं जवळ. घर मातीचं, पुढं वसरी, वसरीत घोंगड्यांची चळत. माणसं थोडी, पण घराला वास मात्र मेंढरांचा. पावसात भिजलेल्या लोकरीचा तो वास आमच्या अंगाला, भाकरीला, देवाच्या टाकांनाही असायचा. शाळेत मी बसले की शेजारची पोरगी सरकून बसायची. बा आणि त्याचा धाकटा भाऊ नाना, दोघं मेंढरांमागं. पिकं निघाली की शेतकरी आपली वावरं आमच्यासाठी मोकळी सोडायचे. मेंढरं त्यांच्या वावरात बसवायची, लेंड्यांचं खत त्यांना आणि त्याबदली ज्वारी आम्हाला. म्हणून कळप आज या वावरात तर पुढच्या आठवड्यात त्या वावरात. खुंट्या ठोकून दोऱ्यांची जाळी ताणायची, आत मेंढरं, बाहेर बा आणि नाना घोंगडी पांघरून. मी आणि माय गावात. शाळेच्या आधी वावरात भाकरी पोचवायची हे माझं काम.

माय अंधार असतानाच चुलीपुढं बसायची. ज्वारीच्या जाड भाकरी, वर लाल मिरचीचा ठेचा, अंबाडी असेल तर अंबाडीची भाजी, तेल नावाला. गरम भाकरीचं फडकं मी पोटाशी धरून पळायची. थंडीत ती ऊब फार बरी वाटायची, आणि वाटेत एक कोपरा मोडून खाल्ला तर माय नसायची बघायला. वावर दिसायच्या आधी कळपाचा आवाज यायचा. सकाळी मेंढरं एकसारखी ओरडत नाहीत. आधी एक खोकते, मग दुसरी, मग सगळा जाळीभर खोकला, जशी म्हाताऱ्यांची सभा भरलीय. मग कोकरं आयांना हाका मारतात, आणि एवढ्या कालव्यात प्रत्येक आई आपल्याच लेकराला ओ देते. आता मी स्वतः म्हातारी आहे, आणि सकाळी घरात पहिला खोकला माझाच असतो.

आमची जुनी कुत्री फाट्यावर ट्रकखाली गेली. मागं एक पिल्लू राहिलं, अजून अंगावर पिणारं, तपकिरी, अंगावर केसांच्या झिपऱ्या. बाकीची पिल्लं सोयऱ्यांनी आधीच नेली होती. त्याच दिवसांत गव्हाळीचं कोकरू मेलं. गव्हाळी ही आमची गव्हाच्या रंगाची मेंढी, पहिलटकरीण. तिची कास तट्ट भरलेली, आणि ती मेलेल्या कोकराभोवती फिरून फिरून पायानं त्याला उठवत होती. आमच्यात अशा वेळी एक करतात. मेलेल्या कोकराचं कातडं काढायचं आणि दुसऱ्या पोरक्या कोकराला ते अंगरख्यासारखं चढवायचं. मेंढी वासावर चालते. शेपटाशी हुंगते, वास आपला लागला की पाजते. तीन-चार दिवसांत तिचं दूध त्या कोकराच्या अंगात भिनतं, मग कातडं काढून टाकलं तरी चालतं. पण त्या वेळी कळपात पोरकं कोकरू नव्हतं.

माय म्हणाली, "कुत्र्याच्या पिल्लाला बांधा."

नाना हसत सुटला. "वैनी, मेंढीला काय अक्कल न्हाई व्हय?"

"तुमच्यापरीस हाय. पर नाकातच हाय समदी. बांधा मी सांगते. न्हाईतर कास दगड होईल तिची, आन पिल्लूबी मरंल. दोन जीव कशापायी घालवायचे?"

बा कमी बोलायचा. बोलला तर मेंढरांशी. त्यानं कातडं काढलं. मायनं पिल्लाचे पुढचे दोन पाय कातड्याच्या पायांतून ओवले आणि पोटाखाली सुतळी बांधली. ते पिल्लू असं दिसत होतं की मला हसू आलं, आणि मायनं मला डोळ्यांनी गप्प केलं. गव्हाळीनं मागून हुंगलं. एकदा हुंगून ती बाजूला झाली, परत आली, परत हुंगलं. मग घशातल्या घशात जो बारीक आवाज मेंढ्या फक्त लेकरासाठी काढतात तो काढला आणि पाय फाकून उभी राहिली. पिल्लानं कास धरली. नानाचं हसणं तिथं थांबलं. माय हात झटकून म्हणाली, "झालं. चला आता, भाकरी थंड व्हायली." सिनेमातल्या बाईनं पिल्लू हातात घेतल्यावर मागं वाजंत्री वाजत होती. आमच्याकडं तेवढंच झालं, आणि त्यात कळवळा नव्हता. एक कास सुजली नाही आणि एक राखणदार फुकटात वाढेल, एवढा हिशेब होता.

हिशेब चुकला तो कातड्यात. कोकराचं कातडं चार दिवसांत उतरवतात, पण या पिल्लाचं उतरवलं की गव्हाळी त्याला लाथाडायची. कुत्र्याच्या अंगाला कुत्र्याचाच वास, दूध पिऊन तो जात नाही. म्हणून परत बांधलं. परत उतरवलं, परत लाथा, परत बांधलं. कातडं वाळून कडक झालं, त्याला घाण सुटली, मुंग्या लागल्या, आणि शेवटी ते आपोआप तुकड्यांनी गळून गेलं. तोवर गव्हाळीनं पिल्लाचा आवाज ओळखीचा करून घेतला होता. वास कसलाही येवो, आवाज आपला. तिनं परत लाथ मारली नाही. दात आले, कास चावली, तरी नाही. आम्हीच मग पिल्लाला ताक-भाकरीवर आणलं. नाव झिप्री.

धनगराचं कुत्रं पिल्लू असल्यापासून मेंढरांत वाढवतातच, पण ते कुत्रं म्हणून वाढतं. झिप्रीला आपण कुत्रं आहोत हे कुणी सांगितलंच नाही. ती कळपाच्या मधोमध मान खाली घालून चालायची. कोकरांशी डोकं लावून टकरा खेळायची. गवत खायची, ओकायची, परत खायची. बानं मेंढरांना टाळूला जीभ लावून हाक घातली की सगळ्यात आधी ती वळायची, आणि कुत्र्यांना मारायची शीळ घातली तर इकडं तिकडं बघायची, जणू दुसऱ्या कुणाला बोलावलंय. गावातलं कुत्रं दिसलं की गव्हाळीच्या पोटाखाली. भुंकायचं तर नावच नाही. कुंथल्यासारखा एक आवाज काढायची, तोही मेंढीसारखाच लांबवून. ज्यांच्या वावरात कळप बसलेला असायचा ते शेतकरी हसायचे. एकदा हळद शिजवायच्या कढईशी बसलेल्या गड्यांनी बाला विचारलं, "पाव्हणं, औंदा लोकर झिप्रीची किती निघाली?" बा मान खाली घालून चालत राहिला. ज्याचं कुत्रं भुंकत नाही तो कसला मेंढपाळ. त्या हळदीच्या वाफेचा वास मला अजून नकोसा होतो.

मी त्या वर्षी चौथीत होते. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच. पुढं शिकायचं तर कुरुंद्याला मावशीकडं राहायचं. हे मायनं ठरवलं होतं, आणि मायनं ठरवलेलं बा मोडत नसे. माझ्यासाठी निळा परकर शिवून ठेवला होता. तो पेटीत होता आणि मी रोज पेटी उघडून त्याला हात लावायची. मला अक्षर आवडायचं. वाण्यानं पुडी बांधलेला कागद मी वाचून मगच चुलीत घालायची. मावशीच्या घरी मेंढरं नव्हती. म्हणजे माझ्या अंगाला वास येणार नव्हता, आणि शेजारची पोरगी सरकून बसणार नव्हती. हे मला शिकण्यापेक्षाही जास्त हवं होतं, खरं सांगायचं तर.

मग लांडगा आला. उजाडायच्या वेळी, मेंढरं जाळीतून सोडताना, ओढ्याच्या अंगानं आला आणि एक कोकरू घेऊन गेला. आमच्यात लांडग्याला शिव्या देत नाहीत. पहिलं कोकरू त्याचा वाटा म्हणतात. पण पुढच्याच आठवड्यात तो परत आला, त्याच वेळी. मी भाकरी घेऊन पोचले होते, म्हणून मी ते डोळ्यांनी पाहिलं. बांधावर एक करडी सावली झाली. कळप एकदम आत दाटला, माश्यांचं मोहोळ आवळतं तसा. झिप्री बाहेरच्या अंगाला होती. ती पळाली ती लांडग्याकडं नाही, कळपाच्या आत. मेंढ्यांच्या पायांमधून घुसत गव्हाळीपाशी गेली आणि तिच्या पोटात तोंड खुपसून डोळे मिटून उभी राहिली. नाना काठी घेऊन ओरडत धावला तोवर दुसरं कोकरूही गेलं होतं.

नानानं काठी जमिनीवर आपटली. "दादा, बस झालं आता. पुसेगावच्या सोयऱ्यांकडं कुत्रं हाय. लांडग्याला आडवं जातंय. देतो म्हणाले ते."

बा म्हणाला, "आन झिप्री?"

"ते कुत्रं दुसरं कुत्रं जवळ उभं राहू देत न्हाई. फाडून टाकंल हिला. हिला घालवा कुठंतरी. न्हाईतर मंग राखणीला माणूस द्या. म्या एकटा ह्या अंगाला, तुमी त्या अंगाला, मधली बाजू कोण बघंल?"

मधल्या बाजूला कोण, हे विचारायची गरज नव्हती. घरात चौथं माणूस मीच होते. संध्याकाळी घरी नानानं तेच मायला उघड सांगितलं, "भुंकणारं कुत्रं आलं तर कौसा शाळेत जाईल, वैनी. न्हाईतर कौसा मेंढरामागं." माय परातीत पीठ मळत होती. तिनं वर न बघता विचारलं, "झिप्रीला काय करता?" नाना म्हणाला, "फाट्यावर ट्रकला देतो." आमच्यात कुत्र्याचा जीव घेत नाहीत. कुत्रं खंडोबाचं. काठी उगारतात, उपाशी ठेवतात, पण मारून टाकत नाहीत. ट्रकवर चढवून दिलं तर कुठं गेलं ते आपल्याला माहीत नाही, आणि जे माहीत नाही त्याचं पाप आपल्याला नाही, असा सगळ्यांचा समज. मायनं पीठ मळायचं थांबवलं नाही. म्हणाली, "उद्याच न्या."

मला बरं वाटलं. हे मी लपवत नाही. झिप्री जावी असं मला मनापासून वाटत होतं, इतकं की त्या दिवशी जेवणसुद्धा गोड लागेना. लवकर सकाळ व्हावी आणि एकदाचं हे उरकावं, असं झालं होतं. अजून माझा तो स्वभाव गेलेला नाही. दवाखान्यात नंबर लावला तरी मी दारापाशी उभीच राहते. सून म्हणते, बसा ना, तुम्ही उभं राहिल्यानं नंबर लवकर येणार आहे का?

सकाळी पहिली अडचण अशी झाली की झिप्री चालेना. गळ्यात दोरी घालून नानानं ओढली तर चारी पाय रोवून बसली. मेंढरू एकटं चालत नाही, ती तरी कशी चालेल? शेवटी गव्हाळीला पुढं घातलं. गव्हाळीची दोरी माझ्या हातात, मागं झिप्री, तिच्या मागं नाना. अशी आमची वरात निघाली. वाटेत एक म्हातारी म्हणाली, "बाजाराला चालला का रे?" नाना म्हणाला, "व्हय, मेंढी इकायला." म्हातारीनं विचारलं, "कोणती?"

फाट्यावर त्या काळीही गर्दी. भज्यांचा वास, पंक्चरच्या दुकानाबाहेर टायरांची उतरंड, नांदेडकडं जाणारे ट्रक, नागपूरकडं जाणारे ट्रक. ड्रायवर लोक बाजांवर बसून चहा पीत. नाना एकेकाला विचारत फिरू लागला. तिथं हिंदीच चालायची, आणि नानाची हिंदी त्याच्यासारखीच होती.

"ओ भाई, कुत्ती होना क्या? अच्छी है. गाडी की राखण करती."

लुंगीवाल्या एका ड्रायवरनं विचारलं, "भौंकती है?"

"भौंकती ना! क्यूं नै भौंकती?"

"तो भौंका के दिखा."

नानानं टाळ्या वाजवल्या, पाय आपटला, झिप्रीच्या तोंडापुढं काठी हलवली. झिप्रीनं गव्हाळीकडं पाहिलं. गव्हाळी रवंथ करत होती. शेवटी नाना तिच्या मागं वाकून उभा राहिला आणि स्वतःच हळूच "भौ" म्हणाला. बाजेवरचे सगळे इतके हसले की एकाचा चहा सांडला. "अरे चाचा, ये तो तू भौंक रहा है! तू ही चल मेरी गाडी पे!" नाना कानापर्यंत लाल झाला. मी तोंड फिरवून उभी राहिले. ऊन चढत होतं, आणि प्रत्येक ट्रक सुरू झाला की मी टाचा उंचावून बघायची. हा पण गेला, अजून आपण इथंच.

दुपार कलल्यावर एक जण तयार झाला. पांढरी दाढी, गाडीत कसलीतरी पोती. म्हणाला, "भौंके ना भौंके, चोर को क्या मालूम. बैठी दिखी तो बस है. बांध दे पीछे, मैं रोटी खा के आया." नानानं झिप्रीला ट्रकच्या मागच्या कडीला बांधलं आणि पाणी प्यायला गेला. मी गव्हाळीला धरून थोड्या अंतरावर उभी. मला सुटल्यासारखं झालं. मनात मी कुरुंद्याला पोचले होते, निळा परकर घालून.

तेवढ्यात हॉटेलची कुत्री आली. तीन-चार होती, उष्ट्यावर पोसलेली, मस्तवाल. अनोळखी कुत्रं बांधलेलं दिसलं की ती सोडत नाहीत. झिप्री दोरी पुरेल तेवढी चाकाखाली सरकली आणि तिनं तो आवाज काढला, कुंथून लांबवलेला, कोकरानं आईला मारावी तशी हाक. गव्हाळीची दोरी माझ्या हातातून कधी गेली ते मला कळलं नाही. तळहाताची साल निघाली होती, ती नंतर दिसली. गव्हाळी सरळ त्या कुत्र्यांवर गेली. पुढचा पाय तिनं जमिनीवर आपटला, एकदा, दोनदा, डोकं खाली घातलं आणि सगळ्यात मोठ्या कुत्र्याच्या बरगडीत धडक दिली. ते केकाटत लांब पडलं. दुसऱ्यानं तिचा कान धरला. तिनं मान झटकली, कान फाटला, आणि ती परत कुत्र्यांकडं तोंड करून उभी राहिली, चाक पाठीशी घेऊन. हॉटेलातली माणसं उठून बघत होती, पण कुणी हसत नव्हतं. नाना काठी घेऊन धावला आणि कुत्री पांगली.

सिनेमा असता तर इथं झिप्री भुंकली असती. आईसाठी त्या कुत्र्यांवर तुटून पडली असती, आणि सगळ्यांचं सगळं भलं झालं असतं. झिप्री चाकाखाली डोळे मिटून बसली होती.

दाढीवाला ड्रायवर हात पुसत आला. सगळं त्यानं पाहिलं होतं. त्यानं मेंढीकडं पाहिलं, कुत्रीकडं पाहिलं आणि नानाला म्हणाला, "बोलो. ले जाऊं कि नै?" नाना माझ्याकडं बघायला लागला. नाना वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "तू बोल, कौसे. तुझ्या शाळेपायी आलो आपण."

मी गव्हाळीची दोरी उचलली आणि ओढली. ती हलली नाही. फाटक्या कानातलं रक्त माझ्या हातावर, अंगातल्या जुन्या परकरावर गळत होतं. ती माझ्याकडं बघतही नव्हती. ते आपलं लेकरू नाही हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. आणि सांगणार कोण? फसवलं आम्हीच, सुतळीनं पोटाखाली गाठ मारून.

"गव्हाळी चालंना," मी म्हटलं.

"चालंना तर म्या उचलतो खांद्यावर."

"नको."

"नको म्हंजी?"

"म्हंजी दोघीबी घेऊन चला, नाना."

"आन शाळा?"

झिप्रीची गाठ मीच सोडली. श्रेया हे वाचेल तेव्हा तिला वाटेल, आजीला दया आली. मला नाही तसं म्हणता येत. दया आली असती तर मला झिप्रीकडं बघून बरं वाटलं असतं. मला तिचा राग आला होता. वाटेत मी तिला दोनदा खडा मारला. ती गव्हाळीच्या पलीकडच्या अंगाला झाली आणि चालत राहिली, मान खाली घालून.

घरी माय दारातच होती. तिनं आधी कुत्री पाहिली, मग माझं तोंड पाहिलं, आणि नानानं झालेलं सांगेपर्यंत उभी राहिली. नाना म्हणाला, "कौसाच म्हणाली, वैनी, परत चला." मायनं मला थोबाडीत मारली. तिनं मला त्याआधी कधी मारलं नव्हतं, निदान तोंडावर नाही.

"कुत्र्यापायी शाळा घालवलीस! कुत्र्यापायी! जलमभर लेंड्या झाडशील तवा आठवंल तुला."

"कातडं तूच बांधलंस, माय," मी म्हटलं.

माय तशीच आत गेली. मला वाटलं रडायला गेली, पण ती वाटीत हळद आणि तेल घेऊन बाहेर आली, गव्हाळीपुढं उकिडवी बसली आणि तिच्या कानाला लेप लावू लागली. लावता लावता गव्हाळीलाच म्हणाली, "गप. गप उभी राहा. लई शानी हायेस." नाना ओशाळून म्हणाला, "पुढल्या साली पाठवू पोरीला, वैनी. बराबर पाठवू." माय म्हणाली, "पुढल्या साली लांडगं काशीला जाणार हायेत व्हय?" पुसेगावचं कुत्रं आलं नाही. निळा परकर मी मेंढरांमागं घातला आणि बोरीच्या काट्यांत त्याचं काही उरलं नाही.

लोक मला विचारतात, शिकली असतीस तर काय झाली असतीस? मला काय माहीत? श्रेयाला मी एवढंच सांगेन की सिनेमात कुत्र्याला वाचवतात तेव्हा त्याची जागा कोण भरतं ते दाखवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी माय मला अंधारातच उठवायला आली. भाकरी माझ्या हातात दिली आणि काखेत घोंगडीही दिली. काठी नानानं वावरात दिली, माझ्या उंचीला तोडलेली. उजाडायच्या वेळी बानं जाळी सोडली. बा त्या अंगाला, नाना या अंगाला, मधली बाजू माझी. ओढ्याकडं अजून नीट दिसत नव्हतं. मेंढरं बाहेर पडता पडता एकदम थबकली आणि आत दाटू लागली, आणि बांधावर तो उभा होता. मी त्याला इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. कान उभे, अंग बारीक, घाई काहीच नाही. तो माझ्याकडं बघत नव्हता. कोकरांकडं बघत होता. मी काठी वर केली, पण काठीनं तो हलेना. मग मी ओरडले. आधी शब्द आले, हाड, हुड, मेल्या, आणि मग शब्द संपले तरी मी थांबले नाही. घसा फाटेपर्यंत नुसता आवाज काढत मी त्याच्या दिशेनं पुढं गेले. लांडग्यानं एकदा मान तिरकी करून मला पाहिलं आणि तो बांध उतरून गेला, सावकाश, परत यायचंच आहे असा.

पायाला काहीतरी उबदार लागलं म्हणून मी खाली बघितलं. झिप्री होती. कळपाच्या आत जायचं सोडून ती माझ्या पायांमागं येऊन उभी राहिली होती, माझ्या पिंडरीत तोंड खुपसून, डोळे मिटून. मी तिला पायानं ढकललं. ती परत आली. आमच्या कळपात भुंकायचं काम त्या दिवसापासून माझ्याकडं आलं.